एका दिव्याचे चार

कोल्हापूरच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात माणूस शिरला की आधी त्याच्या हातात चार पानी फॉर्म पडतो. देवेशने तो भराभर भरला. शिकलेला मुलगा, त्याला काय अवघड? साखरेचा आजार नाही, रक्तदाब नाही, कॉन्टॅक्ट लेन्स वापरत नाही. आठव्या प्रश्नाशी मात्र त्याचं पेन थांबलं.

"कुटुंबात कोणाला डोळ्यांचा आजार आसा काय, इचारलाहा," तो म्हणाला.

"नाय म्हणान लिव," गुरुदास म्हणाला. तो देवेशचा बाप. मालवणात बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला माणूस, बोलणंही तसंच, थंड आणि तुकड्यातुकड्यांनी. "आमच्या घराण्यात कोणाक चष्मोसुद्धा नाय. माझे बापूस ऐंशी वर्सांचे होयसर सुईत दोरो घालीत."

"आणि आये, तुझ्याकडे?"

सत्यवतीने उत्तर द्यायच्या आत गुरुदासच हसला. "तिच्याकडे कोण? तुझो मामा? तेका देवचार दिसायचो रे. आमच्यापरास जास्तच दिसायचा तेका."

देवेशने आईकडे पाहिलं. सत्यवती पायातल्या चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

"नाय," ती म्हणाली. "कोण नाय."

देवेशने 'नाही' लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेला. एवढं सोपं होतं ते. खोटं बोलायला माणसाला कष्ट पडतात असं म्हणतात, पण एकच खोटं सव्वीस वर्षं बोललं की ते मुलखातल्या वाटेसारखं पायाखालचं होऊन जातं.

देवेशला लेझर करून घ्यायचं होतं ते काही गॉगल लावून मिरवायला नव्हे. जहाजावर खलाशी म्हणून जायचा कोर्स त्याने पुरा केला होता आणि कंपनीच्या डॉक्टरने डोळ्यांवर बोट ठेवून त्याला परत पाठवलं होतं. चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे, ही अट. "लेझर करून या, तीन महिन्यांनी पुन्हा बघू," असं त्या डॉक्टरने जाता जाता सांगितलं आणि त्या एका वाक्यावर पोरगा दोन महिने जगत होता. तेवीस वर्षांचा मुलगा, मालवणात पर्यटकांना होडीत बसवून किल्ला दाखवण्यात त्याला जन्म घालवायचा नव्हता. सत्यवतीलाही ते नको होतं. खरं तर तिला तो कुठल्याच होडीवर नको होता. पण जहाज मोठं असतं, लोखंडी असतं, खडकावर फुटत नाही, अशी तिने आपल्या मनाची समजूत घातली होती.

डोळ्यात थेंब घालून देवेशला आत नेलं, आणि बाहेरच्या बाकावर नवराबायको उरली. गुरुदासने डोळे मिटले. सत्यवतीला ते जमेना.

सुदेश तिचा धाकटा भाऊ. रेडीचा, पण पोटापाण्यासाठी मालवणात आलेला, आणि पंचविशीतच तांडेल झालेला. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. वारं, पाणी, जाळं, माणसं सगळी त्याच्या शब्दावर. एकदा संध्याकाळी बंदरात होडी लावता लावता तो खलाशांना सहज म्हणाला, "त्या जेटीर चार दिवे कोणी लायले?" जेटीवर दिवा होता एकच. खलाशांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्याकडे रानात, किनाऱ्याला, शिवेवर दिव्यांची रांग दिसली की ती कोणाची हे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. देवचार! गावाची शीव राखणारा, हातात दिवटी घेऊन फिरणारा, चांगल्या माणसाला वाट दाखवणारा आणि वाईटाची वाट चुकवणारा. गावभर झालं, सुदेशाक देवचार दिसता. झालं, माणसाचं नशीब फिरलं. त्याच्या होडीवर बसायला खलाशी रांग लावू लागले. कोणाचं हरवलेलं जनावर कुठे असेल, कोणाच्या मुलीचं लग्न कधी जमेल, हेही लोक त्यालाच विचारायला येऊ लागले.

सत्यवतीचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. माहेर फाटकं, सासर खातंपितं. सासरी तिला भाताच्या पेजेत मीठ जास्त पडलं तरी ऐकून घ्यावं लागे. पण भावाची ही कीर्ती झाली आणि घरातली हवाच पालटली. सासू शेजारणींना सांगे, "आमच्या सुनेचो भाव म्हणजे देवचाराचो माणूस." सत्यवतीला हे आवडलं. का नाही आवडणार? आयुष्यात पहिल्यांदा तिच्या माहेरच्या नावाने कोणी मान वर करून बघत होतं.

त्या वर्षीच्या चतुर्थीला ती रेडीला गेली. दुपारची वेळ, गणपतीपुढे समई. सुदेश तिच्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "सत्या, ह्या समयेक किती वाती गो?"

"पाच."

"माका वीस दिसतत." तो हसला. "देवचार-बिवचार काय नाय. माका एका दिव्याचे चार दिसतत. एकाखाली एक. दिसाउजेडी पण तीच गत. तुझ्या कपाळार आता दोन कुंकवा आसत."

"मगे डोळ्यांच्या डॉक्टराक दाखय."

"दाखयलंय. चष्मो दिल्यान. लावलो तरी चार ते चारच." मग त्याने तिचा हात धरला. "कोणाक सांगू नको. तांडेलाक बरा दिसणा नाय म्हटल्यार तेच्या होडयेर कोण बसतलो?"

तिने सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण तिला तेव्हा फार शहाणी वाटली होती. आणि ती मूठ नुसती सुदेशची नव्हती, तिचीही होती. देवचार गेला तर तिचा मानही जाणार होता. हे तिने स्वतःशी कधी मोठ्याने म्हटलं नाही, पण तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चतुर्थीनंतर महिन्याभरात गुरुदासने आपला भाऊ निलेश याला सुदेशच्या होडीवर लावलं. चोवीस वर्षांचा, साखरपुडा झालेला. घरात वाद झाला, तेव्हा गुरुदासच म्हणाला होता, "भाव माझो समुद्रार जातलोच, तर ज्याका देवचार वाट दाखयता तेच्याच होडयेर जाव देत." सत्यवती तेव्हा चुलीशी होती. तिने फुंकणी उचलली आणि चूल फुंकत राहिली.

मार्गशीर्षात, दिवेलागणीला, सुदेशने होडी बंदराच्या तोंडाशी आणली आणि जेटीच्या दिव्याऐवजी त्याच्याखालच्या दिव्यावर रोख धरला. त्याच्याखाली दिवा नव्हता, खडक होते. सुदेश गेला, निलेश गेला. एक खलाशी पोहत बाहेर आला आणि त्याने सांगितलं, "तांडेल म्हणालो, चार दिवे दिसतत, देवचार वाट दाखयता, घाबरा नको." गावाने निकाल दिला. देवचार कोपला. कोणाचं तरी काहीतरी चुकलं असणार. तेव्हापासून दर अवसेला गुरुदास शिवेवर जाऊन भाकरीचा रोट आणि विडी ठेवून येतो, आणि निलेशच्या नावाने हात जोडतो. सव्वीस वर्षं. तो रोट सत्यवती आपल्या हाताने थापते.

"देवेशचे आईवडील? आत या."

डॉक्टरीण तरुण होत्या, बोलण्यात घाई नव्हती. टेबलावरच्या पडद्यावर देवेशच्या दोन्ही डोळ्यांचे नकाशे होते, हिरवे, पिवळे. डाव्या डोळ्याच्या नकाशात खाली एक नारिंगी डाग होता, बोटाच्या पेराएवढा.

"उजवा डोळा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "डाव्याची बुबुळावरची काच, म्हणजे कॉर्निया, थोडी पातळ आहे. खालच्या बाजूला किंचित फुगवटा वाटतो. गेल्या वर्षात नंबरही बदललाय. हे सगळं कुंपणावरचं आहे. नुसत्या मशीनवर मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही."

"मॅडम, मोबाइलमुळे बदलला असेल," देवेश म्हणाला.

"असेल. म्हणून तर तुम्हाला विचारते. लेझर म्हणजे काय, तर याच काचेचा थोडा भाग घासून तिला आकार द्यायचा. काच मजबूत असेल तर काही बिघडत नाही, हजारो लोक करतात आणि चष्मा विसरतात. पण काही जणांची काच जन्मतःच कमकुवत असते. ती हळूहळू पुढे येते, शंकूसारखी. अशा डोळ्यावर लेझर केलं, तर जे पंधरा वर्षांत व्हायचं ते वर्षादोन वर्षांत होतं. मग चष्मा लागू पडत नाही. शेवटी दुसऱ्याची काच बसवावी लागते."

"माझं तसं काही नाही," देवेश म्हणाला.

"डोळे चोळता का?"

"कधीतरी. मिठाचं वारं असतं आमच्याकडे."

"दिव्याकडे बघताना एकाचे दोन दिसतात? खाली सावली? काहींना एकाखाली एक असे तीन-चार दिवेही दिसतात."

"नाही," देवेश म्हणाला.

सत्यवतीने त्याच्याकडे पाहिलं. गेल्याच पौर्णिमेला अंगणात उभा राहून हा म्हणाला होता, 'आये, आज चंद्राक शेपूट आसा.' ती घरात निघून गेली होती. हसून नाही, नुसती निघून गेली होती. पोरगा खोटं बोलत होता आणि ते त्याला तिच्यापेक्षा वाईट जमत होतं.

डॉक्टरीणबाईंनी फॉर्म उलटला. "घरात कोणाला असं काही नाही, असं लिहिलंय. हे नक्की ना? कारण हा आजार घराण्यात उतरतो. घरात कोणाला असता, तर मी या डोळ्याला हातच लावला नसता. नसेल, तर तीन महिने थांबून पुन्हा नकाशा काढू आणि तोच आला तर विचार करू."

"तीन महिने?" देवेशचा आवाज चढला. "मॅडम, माझी जागा जाईल. आता करता येत नाही का? मी सही करून देतो. जे होईल ते माझ्यावर."

"वडील काय म्हणतात?"

"मुलगा जाणता आहे," गुरुदास जपून, कचेरीतल्या मराठीत म्हणाला. "आमच्या घरात तसला रोग नाही. तुमच्या हाताला यश आहे म्हणून ऐकून आलो."

डॉक्टरीणबाई पेन हातात धरून विचार करत राहिल्या. एवढ्या अवधीत सत्यवतीने दोन्ही बाजूंनी हिशोब लावून पाहिला. गप्प बसले तर बाई थांबायला लावतील. तीन महिन्यांनी डाग वाढलेला दिसेल आणि आपोआप नाही म्हणतील. मग मी कशाला बोलू? पण पोरगा तीन महिने थांबणारा नव्हता. तो दुसऱ्या दवाखान्यात जाईल, जिथे कोणी एवढं विचारणार नाही. फॉर्मवर पुन्हा 'नाही' लिहील. आणि सांगितलं तर? शेजारी गुरुदास बसला होता. गुडघ्यांवर हात ठेवून, पाहुण्यांच्या घरी बसतात तसा ताठ.

तिला भीती वाटली. एवढी भीती तिला होडी फुटल्याची बातमी आली तेव्हाही वाटली नव्हती, कारण तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"बाई," ती म्हणाली, "तो आठवा प्रश्न चुकीचा लिहिलाय."

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या भावाला होतं. एका दिव्याचे चार दिसायचे. एकाखाली एक. चष्म्यानेही जायचे नाहीत."

"अगो, ता देवचाराचा..." गुरुदास म्हणाला, आणि डॉक्टरीणबाईंसमोर देवचाराचं नाव निघालं म्हणून ओशाळला.

"देवचार नव्हतो," सत्यवती म्हणाली. ती आता त्याच्याकडे बघून, घरच्या बोलीत बोलत होती. "तेणी माका स्वता सांगलेल्यान. चतुर्थीक. समयेच्या पाच वातींच्या वीस दिसतत म्हणालो."

"खंयच्या चतुर्थीक?"

उत्तर द्यायची गरज नव्हती. सुदेशच्या त्यानंतर आणखी चतुर्थ्या झाल्याच नव्हत्या. गुरुदासचे गुडघ्यांवरचे हात तिथेच होते, फक्त बोटं आत वळली.

डॉक्टरीणबाईंना यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी देवेशला पुन्हा मशीनपाशी बसवलं. या वेळी काचेची मागची बाजूही तपासली. वीस मिनिटांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर विचार करायचं काही उरलं नव्हतं.

"डाव्या डोळ्यात सुरुवात आहे," त्या म्हणाल्या. "समोरून थोडी, मागून स्पष्ट. उजव्यातही येऊ शकते. लेझर नाही. मी नाही करणार, आणि दुसऱ्या कोणी करतो म्हटलं तरी करू नका. रोग आहे तिथे थांबवण्याचा उपाय आहे, तो करू. गेलेलं परत आणता येत नाही. देवेश, आता तरी सांगा. दिवे दिसतात?"

देवेशने मान खाली घातली. "दोन," तो म्हणाला. "कधी कधी तीन."

"आईंनी सांगितलं ते बरं झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात. इथे देवाला जरा उशीर झाला होता, एवढंच.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर देवेशने आईला गाठलं. "आये, तुका आजच कित्याक आठावला? माझी जागा गेली."

"तुझे डोळे गेले असते."

"ते कधीतरी गेले असते. जागा आज गेली." मग त्याचा चेहरा बदलला. त्याने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि त्याला हळूहळू हिशोब लागला. निलेशकाका त्याने फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिला होता, हार घातलेला.

कसालपर्यंत साडेतीन तासांचा प्रवास. गुरुदास खिडकीशी बसला, शेजारी देवेश. सत्यवती मागच्या बाकावर एका मोठ्या पिशवीवाल्या बाईजवळ. घाटात तिला मळमळलं, तिने पदर तोंडाशी धरला, आणि दर वेळी पाण्याची बाटली पुढे करणारा माणूस समोर बघत राहिला. तिला रडू आलं नाही. आपण मुलाला वाचवलं, असं ती मनाशी म्हणून बघत होती. शब्द बरोबर होते, पण पोटात उतरत नव्हते. एक वाचवला, त्याच तोंडाने दुसरा वाचवता आला असता. तोंड तेच, शब्दही तेच. फुंकणी खाली ठेवायची आणि चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं.

कसालला तिघं उतरली. मालवणची गाडी यायला वेळ होता. उन्हं उतरली होती, हायवेवरून ट्रक धडधडत जात होते. देवेश रस्त्याच्या कडेला उभा राहून समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने बघत होता. तळहाताने डोळा झाकायचा, काढायचा. सत्यवतीला त्याला हाक मारायची होती.

गुरुदास तिच्याजवळ आला. दुपारपासून पहिल्यांदाच.

"निलेशाक म्हायत होता?"

तिला 'नाय' म्हणता आलं असतं. ते खरंही होतं. त्या एका शब्दावर थांबली असती तर कदाचित चार-सहा महिन्यांनी, वर्षाने, घरात पुन्हा बोलणं सुरू झालं असतं. जगात पुरावा कोणाकडेच नव्हता. ज्याने विचारलं तो समुद्रात होता आणि ज्याच्याविषयी विचारलं तोही.

"नाय," ती म्हणाली. आणि मग, "संशय इलेलो. माका इचारल्यान."

"काय इचारल्यान?"

"वयनी, सुदेशदादा दिव्याकडे मान वाकडी करून बघता. तेका दिसता मां बरा?"

ट्रक गेला, त्याच्या मागून दुसरा गेला.

"मगे तू काय सांगलंस?"

"सांगलंय, देवचार आसा तेच्या सोबतीक. तू खुशाल जा."

गुरुदासने मान हलवली. एखाद्याने पत्ता सांगावा आणि तो समजावा, तशी. त्याने तिला शिवी दिली नाही, हात उचलला नाही. उचलला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो देवेशपाशी जाऊन उभा राहिला.

गाडी आली. बापलेक पुढे चढले, सत्यवती मागून. जागा होती. गुरुदास दोघांच्या बाकावर देवेशला घेऊन बसला, आणि ती पलीकडच्या बाकावर एकटी. गाडी सुटली तसा कंडक्टर तिकिटांचं मशीन घेऊन आला. मालवण डेपोचाच, वर्षानुवर्षं ओळखीचा. त्याने तिघांकडे बोट फिरवलं.

"गुरुदासनु, मालवण मां? दोन पूर्ण आणि वयनींचा अर्धा."

"दोन," गुरुदास म्हणाला.

"आणि वयनींचा?"

गुरुदासने खिडकीबाहेर पाहिलं. "दोनच दी."

कंडक्टर अवघडला. देवेशने खिशाकडे हात नेला आणि बापाने काही न बोलता तो हात धरून खाली ठेवला. पोराने परत काढला नाही. दोन तिकिटं फाटली. कंडक्टर वळून सत्यवतीच्या बाकापाशी आला आणि, ओळखीच्या बाईला कसं विचारावं ते न सुचून, परक्या माणसाला विचारतात तसं कचेरीतल्या मराठीत त्याने विचारलं,

"तुम्ही कुठे जाणार?"

ती विचार करू लागली.